बहिरं मोड्यूल

बुधवारी कराडच्या डेटा सेंटरमध्ये रॅकसमोर उभी असताना हेमांगी सावर्डेकर एकदम थबकली. तिने टॉर्च पुन्हा त्या मोड्यूलवर धरली. लेबलावर शेवटचं अक्षर ‘सा’ होतं. तिथे ‘श्र’ असायला हवं होतं.

काडेपेटीपेक्षा थोडं लांबट, धातूचं असं ते प्रकाश-संवादक. विजेच्या संदेशांचा प्रकाश करून काचतंतूतून पाठवायचा आणि पलीकडून आलेल्या प्रकाशाचे पुन्हा संदेश करायचे, हे त्याचं काम. असली शेकडो मोड्यूल्स त्या इमारतीत होती. पण या एकाची तार निवळकोंड गावाच्या डोक्यावरच्या डोंगरातून जात होती. म्हणून तिथे ‘श्रवण’ जातीचंच मोड्यूल बसवायचं, साधं नाही, असा नियम होता. तारेतल्या प्रकाशावरून ते डोंगराची हालचाल ऐकायचं.

दोन्ही जाती दिसायला सारख्याच. ओढायची पट्टीही दोन्हींची निळी. मोड्यूल ज्या यंत्रात बसतं तो नेटवर्क स्विच त्यातली ओळखचिप वाचायचा आणि चुकीचं असलं तर नाकारायचा. पंधरवड्यापूर्वी जुनं मोड्यूल बंद पडलं, लाइन गेली आणि वरून फोनांवर फोन सुरू झाले. हेमांगीने ट्रेमधलं एक उचललं, तारेचं टोक पुसून सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, बसवलं. स्विचने ते घेतलं नाही. ओळखचिपा अधूनमधून अशा अडतात, म्हणून लेबल न वाचताच तिने तपासणी बंद करून टाकली. हिरवा दिवा लागला. वरिष्ठांनी शाबासकी दिली.

आता तिने इकडेतिकडे पाहिलं. पंख्यांची घरघर सोडली तर दालनात कोणी नव्हतं. तिने साधं मोड्यूल ओढून काढलं, श्रवण मोड्यूल बसवलं आणि तपासणी पुन्हा चालू केली. पडद्यावर डोंगराचा आलेख हलकेच थरथरू लागला. मोठी हालचाल कुठेच नव्हती. कोणाचं काही बिघडलं नाही, मग सांगायचं कशाला? चौकशी लागली असती, बढती गेली असती. काढलेलं मोड्यूल तिने धूळटोपी लावून ट्रेमध्ये ठेवून दिलं.

पण जेवण गोड लागेना. आलेख ती पुन्हापुन्हा उघडून पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी भूवैज्ञानिक डॉ. सत्तार इनामदार सेंटरवर आले, तेव्हा चहा घेता घेता तिने सहज विचारल्यासारखं केलं.

“सर, मोड्यूल काही दिवस बहिरं राहिलं आणि मग नीट झालं, तर मधलं हुकलेलं कळतं का?”

“नाही,” इनामदार म्हणाले. “असं बघ, डोंगर सरकला की तार कणभर ताणली जाते आणि तिच्यातल्या प्रकाशाला पीळ पडतो. मजकूर वाचायचा तर कुठल्याही मोड्यूलला हा पीळ क्षणोक्षणी सोडवावाच लागतो. साधं मोड्यूल पीळ सोडवतं आणि त्याचा आकडा फेकून देतं. श्रवण तो आकडा आपल्याला देतं.”

“आणि नवं बसवलं की?”

“त्या क्षणी जेवढा पीळ असेल, ते त्याचं शून्य. तिथून पुढचा बदल तेवढा त्याला कळतो. तो आपण डोंगराच्या आजवरच्या सरकण्याच्या बेरजेत मिळवत जातो. मोड्यूल बदलायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात डोंगर काय सरकणार?”

“आणि पंधरवडा लागला तर?”

इनामदारांनी कप खाली ठेवला. “निवळकोंडच्या लाइनवर साधं बसलं होतं?”

“हो. मीच बसवलं. पण आता श्रवण आहे, सर. आणि आलेख शांत आहे.”

“शांत असणारच! भरपूर सरकून अडलेला डोंगरही शांतच असतो, पुढच्या धक्क्यापर्यंत. म्हणून तर गाव हलवायचं ते बेरीज पाहून. आणि तुझ्या बेरजेत पंधरवडाच नाही.” ते फोनकडे वळले, मग थांबले. “काढलंस कधी?”

“परवा.”

त्यांनी निवळकोंडच्या शाळेचा नंबर फिरवला. बहिरं मोड्यूल असल्याचं आधी कळलं असतं, तर त्यांनी त्याच दिवशी डोंगरावर माणूस पाठवला असता. ते तिला सांगायची गरजच नव्हती.

गुरुजी धावत डोंगरावर जाऊन आले. गावाच्या वर आडवी भेग पडली होती. कुऱ्हाडीचा अख्खा दांडा आत जाईल एवढी. लोकांनी पोरंबाळं उचलली आणि खालच्या गावची वाट धरली. संध्याकाळी डोंगर खाली आला. घरं गेली, माणसं वाचली. फक्त सदू शेलार दावणीच्या म्हशी सोडायला माघारी गेला होता, तो परतला नाही.

दुसऱ्या दिवशी वेळेवर इशारा दिल्याबद्दल सेंटरचं कौतुक झालं. हेमांगी इनामदारांबरोबर खालच्या गावी गेली. शाळेच्या वर्गात सतरंजीवर सदूची बायको अंजना बसली होती. तिने हेमांगीचे हात धरले. “ताई, तुमच्या फोनमुळं गाव वाचलं बगा.”

हेमांगीला ते हात सोडवेनात आणि धरवेनातही. ती खाली बसली. चुकीचं मोड्यूल, गुपचूप केलेली बदली, गप्प राहणं, सगळं तिने सांगितलं. मोड्यूल म्हणजे काय, ते अंजनाने विचारलं नाही.

“म्हंजी बुधवारी तुमास्नी ठावं हुतं?”

“डोंगर येणार, हे नव्हतं ठाऊक. चूक झालीय, हे ठाऊक होतं.”

“बुधवारी सांगितलं असतं तर म्हशी संगंच आणल्या असत्या.” अंजनाने हात सोडले. “मग तवाच का न्हाई सांगितलं?”

“नोकरीवर गदा येईल म्हणून.”

व्हरांड्यात इनामदार पाठमोरे उभे होते. अंजनाने भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीकडे बोट केलं.

“त्या माज्या सासूबाई. त्यांचा एकुलता हुता. त्यास्नी बी तुमीच सांगा, माज्यानं व्हायचं न्हाई.”

हेमांगी उठली आणि म्हातारीसमोर जाऊन बसली.