घरची किल्ली

दिवा जरा इकडे सरकवा. सांगतो सगळं, पण मध्ये काही विचारू नका. उत्तरं मलाही ठाऊक नाहीत.

माझं कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. मी आणि माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, दोघे मिळून चालवतो. त्या दुपारी वीज गेली, किल्ली कापायचं मशीन थांबलं, आणि आम्ही नेहमीसारखा पोकर मांडला. आम्ही पैसे लावत नाही. गिऱ्हाइकं करायला टाकून विसरून गेली, त्या किल्ल्यांचा एक डबा दुकानात आहे. पणाला त्याच लावायच्या. कुठलंच दार न उघडणाऱ्या किल्ल्या, हरलं तरी कुणाचं काय जातंय? वापरातली किल्ली डावात आणायची नाही, एवढा एकच नियम. तो मीच केलेला.

तेवढ्यात एक माणूस आला. त्याचा चेहरा आठवायला गेलो की घसरून जातो, काय करू? त्याला घराची किल्ली करून हवी होती. कुलूप आणलं नव्हतं, नमुन्याची किल्लीही नव्हती. मी म्हटलं, भल्या माणसा, नमुन्याशिवाय किल्ली कशी करणार? त्याने शांतपणे स्टूल ओढलं आणि म्हणाला, मग तुमच्याशी खेळतो. तुम्ही लावाल त्यातली एकच किल्ली घेईन.

पोकरमध्ये मला कुणी आव्हान द्यावं आणि मी गप्प बसावं, हे होणे नाही. गल्लीत माझा हात धरणारा कुणी नव्हता. मेहुणा पत्ते वाटत गेला आणि मी हरत गेलो. त्या अर्धवट अंधारात फक्त किल्ल्या सरकल्याचा आवाज. बघता बघता डबा रिकामा झाला, सगळा ढीग त्याच्यापुढे. आणि मग माझ्या हातात तीन राजे आणि दोन नव्व्या आल्या. असे पत्ते माणसाला वेडं करतात. लावायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून मी खिशातल्या जुडग्यातून घराच्या लॅचची किल्ली काढली.

"दाजी, ती नको," मेहुणा हळूच म्हणाला.

मला हसू आलं. कुलूपवाल्याला किल्लीची कसली भीती? हरलोच तर संध्याकाळी कुलूप बदलीन, झालं. मी पत्ते उघडले. त्याने त्यांच्याहून वरचढ, चार अठ्ठ्या मांडल्या. माझी किल्ली उचलली, बाकीचा ढीग तसाच ठेवला आणि निघून गेला. घर कुठे आहे, हे विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी मी खरंच कुलूप बदललं. तीन किल्ल्या केल्या; माझी, बायकोची आणि मुलीची. जुनं कुलूप अडकत होतं, असं घरी सांगितलं. पण तो डाव डोक्यातून जाईना. चार अठ्ठ्या आल्या कुठून? शेवटी मेहुण्याला विचारलं.

"तुम्ही पत्ते उघडलेच कुठे, दाजी? चाल तुमची होती. तुम्ही त्याच्याकडे बघत बसलात... बराच वेळ. मग उठून किल्ली त्याच्या तळहातावर ठेवलीत. म्हणालात, सांभाळा."

मी असं कशाला म्हणेन? मेहुणा खोटं बोलणाऱ्यातला नाही. आणि मला तर त्या अठ्ठ्या अजून दिसतात. मी हरलो की मी देऊन टाकलं, हेच कळेना.

काही दिवसांनी बायको जेवण वाढता वाढता म्हणाली, "हल्ली दुपारी येता, बरं वाटतं. पोर किती बोलायला लागली आहे. दुपारी कसं, तुम्ही ऐकून घेता सगळं."

दुपारी मी घरी जातच नाही. बायकोला सांगायला हवं होतं, पण काय सांगणार? तिचा चेहरा इतका सुखाचा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त मत्सर वाटला.

दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ टळल्यावर दुकान मेहुण्यावर सोपवून घरी गेलो. दार माझ्या किल्लीने उघडलं आणि आतून ओढून घेतलं. बायको पाठमोरी, ओट्याशी. "आलात? बसा," एवढंच म्हणाली. मुलगी धावत आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. ती थांबली. माझा हात धरून तिने हुंगला, आणि सावकाश मागे सरकली.

"आई... यांच्या हाताला पितळेचा वास येतोय."

बायकोचे हात थांबले. ती वळली नाही.

"इकडे ये, बाळा," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "माझ्यामागे उभी राहा. बाबा येतीलच आता..."

दोघींच्या किल्ल्या भिंतीवर खुंटीला होत्या. माझी माझ्या मुठीत.

कुलपात किल्ली गेली. परका माणूस किल्ली चाचपडत फिरवतो, हे माझ्या कानाला लगेच कळतं. ही एका झटक्यात फिरली.

आणि माझी लेक हसत दाराकडे धावली.