पूर्वेला दार असलेला बिल्ला

वाऱ्याने माझं चित्र हातातून हिसकावलं आणि लाल धुळीतून फरफटवत थेट एका चकचकीत बुटाखाली नेऊन घातलं. बूट टेरेन्स अट्सिटीचा होता. आमच्या शाळेच्या कॅडेट तुकडीचा नवा प्रमुख, नुकताच फिनिक्सहून आलेला, आणि शर्टाला इस्त्री अशी की हात लावायची भीती वाटावी.

“हे तुझं?” त्याने कागद झटकला.

“हो. आणि तो तुझा पाय.”

तो हसला... आणि माझी पंचाईत झाली.

चित्र तुकडीच्या नव्या बिल्ल्याचं होतं. चार दिशांचे आम्हा नवाहोंचे चार पवित्र पर्वत, पांढरा, निळा, पिवळा आणि काळा. मध्ये बाणाचं टोक, भोवती इंद्रधनुष्याचं कडं. आमच्याकडे चित्रात पूर्व वर असते; त्या बाजूला ते कडं मी मुद्दाम उघडं सोडलं होतं. शाळेने माझंच चित्र निवडलं, भरतकामासाठी ते उतरवून द्यायचं काम टेरेन्सकडे आलं आणि आमच्या दुपारी चित्रकलेच्या वर्गात जाऊ लागल्या. तो पट्टी धरून रेघा मारायचा, मी त्याला चिडवायची, आणि खोडरबर मागताना आमची बोटं उगाचच एकमेकांना लागायची.

एक गोष्ट मात्र मी विचारली नाही — त्याची कुळं. अमेरिकेतल्या आम्हा नवाहो आदिवासींत ओळख होते ती चार कुळांनी: आईचं, वडिलांचं आणि दोन्ही आजोबांची. त्यातलं एक जरी माझ्या आईच्या मीठ-कुळाशी जुळलं, तर तो माझा नातलग. मग प्रेमाचं नावही काढायचं नाही. पहिल्याच भेटीत विचारायची गोष्ट मी रोज उद्यावर ढकलत होते.

बिल्ले शिवून आले, तर सगळ्यांवरचं इंद्रधनुष्याचं कडं बंद. ती मोकळी जागा टेरेन्सला राहून गेलेली रेघ वाटली होती आणि त्याने ती इमानदारीत पूर्ण केली होती. मी इतकी संतापले की त्याला बिल्ल्यांच्या खोक्यासकट माझ्या लोरिंडामावशीच्या हातमागापुढे नेऊन उभं केलं.

मावशीने विणणं थांबवून बिल्ला निरखला. “आपल्या घराचं दार उगवतीला असतं, आणि तू दारच ठेवलं नाहीस, बाळा. पोरं सकाळी बाहेर कुठून पडणार?”

त्याचे कान लाल झाले. त्याने ती रेघ उसवायला सुई मागितली. ती द्यायच्या आधी मावशीने मी टाळलेलं ते विचारलंच. “कुणाचा रे तू?”

“आईकडून कडू पाण्याचा. वडिलांकडून उंच घराचा. आईचे वडील दुमडल्या हातांचे. आणि चौथं...” त्याने मान खाली घातली. “चौथं मला माहीत नाही.”

मी खोक्यातले बिल्ले उगाच मोजायला लागले.

“मग शोधून आण. तोवर उसवत बस,” मावशी म्हणाली. “आणि डेलफिन, तू जरा लांब बस.”

त्याने एकेक बिल्ला उसवला. बोटं टोचून घेतली, पण कुरकुर केली नाही. मग तो शिपरॉक गावाच्या पलीकडे, वडिलांच्या आईकडे गेला आणि उगवला तो थेट नव्या बिल्ल्यांसह होणाऱ्या तुकडीच्या संचलनाच्या सकाळी, शाळेच्या सभागृहात.

पहिल्या रांगेत मखमली सदरे घातलेले म्हातारे सैनिक बसले होते. टेरेन्स माइकपाशी आला आणि आमच्या भाषेत, अडखळत, कुळं सांगू लागला. पहिलं... दुसरं... तिसरं... मी मावशीचा हात घट्ट धरला.

“वडिलांचे वडील — पाणकाठाचे.”

मीठ नाही! मला रडू आणि हसू एकदमच आलं. पुढे त्याने कडं बंद करण्याची चूक आपली होती हे सगळ्यांसमोर सांगितलं, आणि बिल्ल्याचं चित्र काढणारीचं, म्हणजे माझं, नाव कुळासकट घेतलं. म्हातारे सैनिक उठून उभे राहिले. समोर बाहीमागून बाही, प्रत्येकीवर माझे पर्वत आणि उघडं दार. माझी मान इतकी ताठ आयुष्यात कधी झाली नव्हती.

बाहेर त्याने मला गाठलं. “आजी म्हणाली, इतक्या वर्षांनी आजोबांचं कूळ विचारतोयस... कोण आहे ती?”

“मग? काय सांगितलंस?”

“तुझं नाव. रविवारी घेऊन ये म्हणालीय.” तो अडखळला. “मला तू आवडतेस, डेलफिन. चारही कुळं साक्षीला आहेत.”

“मलाही तू. पण तुझा एक धागा उसवायचा राहिलाय,” मी म्हटलं आणि त्याच्या बाहीवरच्या दारात अडकलेला तो बारीक धागा ओढून काढला. हात मात्र तिथेच राहू दिला.

मावशी सभागृहाच्या दारातून बघत होती. या वेळी ती लांब बस म्हणाली नाही.