उंचीमापक गप्प झाला तेव्हा

टेबलावर एकोणीस वस्तू होत्या. काडेपेटीएवढे दोन उंचीमापक, तडा गेलेली एक पारदर्शक नळी, एक जुनी पुठ्ठ्याची नळी, रॉकेटचे लाकडी टोक, एक पॅराशूट, चार वायरी, दोन बॅटऱ्या, सहा स्क्रू आणि एक बटण. टोकाच्या कडेला रक्त वाळून काळे पडले होते.

बाळ्याने दोनदा मोजले. "एकोणीसच, ताई."

"लिहून ठेव."

बाळ्या पन्नाशीचा होता. पण खाजगी तपासाचा धंदा करणाऱ्या थोरल्या बहिणीसमोर तो अजून बाळ्याच होता.

समोर बसलेल्या बाईला घरात वहिनी म्हणत. ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करायची. बोलता बोलता ती टेबलाची कड पुशीत होती. मध्येच तिने बाळ्याच्या बाहीवरचा एक दोरा चिमटीत धरून काढला.

"माझ्या नवऱ्याला मारायचा डाव होता," ती म्हणाली. आवाज इतका हळू, की बाळ्याला पुढे वाकावे लागले. "आणि ज्याने केला तो याच घरात जेवतो. तीन रात्री मी दाराला खुर्ची लावून झोपतेय."

"पोलिसांत का नाही गेलात?"

"हे नको म्हणतात. सख्खा भाऊ आहे. गेले तर घर फुटेल, आणि नाही गेले तर..." तिने आतल्या खोलीकडे पाहिले. तिथे तिचा नवरा उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून पडला होता. तो घड्याळजी होता. "आज चारला पट्टी काढणार. डॉक्टर म्हणाले, नजर सहा छेद बारापर्यंत जरी आली तरी घड्याळाचं काम सुटणार नाही. छेदाखालचा आकडा जितका लहान तितकी नजर चांगली. तो बाराच्या वर गेला, तर दुकानाला कुलूप."

रॉकेट हा घड्याळजीचा रविवारचा छंद. रॉकेट वर गेले, की आतला उंचीमापक हवेच्या दाबावरून उंची मोजत राहतो. चढण संपून उतरण सुरू झाली, की तो चिमूटभर बारूद पेटवतो. टोक उडते, पॅराशूट बाहेर येते. या रविवारी ती बारूद जमिनीवरच पेटली आणि टोक घड्याळजीच्या तोंडावर बसले.

"आधी कधी असं झालं होतं?"

"सहा वेळा उडालं, सहाही वेळा सुखरूप उतरलं. तेव्हा पुठ्ठ्याची नळी होती. भाऊजींनी गेल्याच आठवड्यात ही नवी करून दिली. घरात या ट्यूबलाइटखाली चार वेळा तपासलं, काही झालं नाही. शनिवारी मी स्वतः एकेक भाग पुसून दिला. धुळीचा कण ठेवला नव्हता हो!"

"आणि हा दुसरा उंचीमापक?"

"जोडीनेच घेतलेला. दुकानाच्या खणात पडून होता. बघा ना, केवढी धूळ."

ताईने खिशातून भिंग काढले. दोन्ही उंचीमापकांवर चंदेरी रंगाची, डाळीच्या दाण्याएवढी एक डबी होती. धुळकट उंचीमापकाच्या डबीवर काळा ठिपका होता. स्वच्छ उंचीमापकाची डबी चकचकत होती. तिच्या कडेला चिकटाचा पुसट डाग तेवढा होता.

बाळ्यानेही भिंगातून पाहिले. "एक मळका, एक स्वच्छ," त्याने लिहिले.

धाकटा भाऊ आला तो दारातच थांबला. तो पाट्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करायचा. प्लास्टिक कापून कापून बोटांना चिरा पडलेल्या.

"विचारा. सगळे माझ्याकडे असेच बघतायत, जणू मी सापच."

"तुम्ही भावाला काही बोलला होतात?"

त्याचा चेहरा उतरला. "बोललो. दादा मला बारुदीला हात लावू देत नाही. म्हणतो, तू गचाळ. तेव्हा रागात तोंडातून गेलं, एक दिवस तुझ्याच तोंडावर फुटेल. जीभ झडली असती तर बरं झालं असतं!"

"नळी का बदललीत?"

"मी कशाला बदलतोय? वहिनी म्हणाली, आतला लाल दिवा बाहेरून दिसू दे, म्हणजे यंत्र चालू राहिलंय की बंद झालंय ते कळेल. तिला भारी भीती वाटते. म्हणून पारदर्शक केली."

वहिनीने मान खाली घातली. ते खरे होते.

शेवटी मास्तर आले. शाळेत विज्ञान शिकवायचे आणि रॉकेट मंडळाचे चिटणीसही तेच. मंडळात सर्वांत उंच उडालेले रॉकेट त्यांचेच होते. घड्याळजीचे नवे रॉकेट तो विक्रम मोडणार होते.

"म्हणजे मी संशयित नंबर दोन," ते म्हणाले. हसायचा प्रयत्न फसला. "मी वीस पावलांवर होतो. हातही लावला नाही."

"काय पाहिलंत? क्रमाने सांगा."

"कडक ऊन. ढगाचा ठिपका नाही. घड्याळजी सूर्याकडे पाठ करून रॉकेटवर ओणवा झाला आणि त्याने बटण दाबलं. पीक-पीक सुरू झालं, म्हणजे यंत्र तयार. तो उठून दोन पावलं बाजूला झाला. आणि पीक-पीक थांबलं."

"थांबलं?"

"एकदम. उड्डाण सुरू झालं की यंत्र गप्प होतं, पण रॉकेट तर जागेवरच! तो कान लावायला परत वाकला, आणि..." मास्तरांनी ओठ पुसले. "दुसऱ्या दिवशी मी यंत्रातली नोंद पाहिली. अडुसष्ट मीटर. जमिनीवरून न हललेलं रॉकेट अडुसष्ट मीटर उंच कसं जाईल? कुणीतरी आत हात घातलाय."

"तुमच्या हातात कधी आलं?"

"दुसऱ्याच दिवशी. म्हणूनच घाबरलोय."

ताई उठली. "सगळे गॅलरीत चला. ऊन आहे."

तिने स्वच्छ उंचीमापक पारदर्शक नळीत बसवला. बारुदीच्या जागी टॉर्चचा बारीक बल्ब जोडला. नळी उन्हात ठेवून ती तिच्यावर ओणवी झाली आणि बटण दाबले.

पीक-पीक. पीक-पीक.

ती बाजूला झाली. ऊन नळीवर पडले. आवाज थांबला.

वहिनीने खांब धरला. ताई पुन्हा वाकली. तिची सावली नळीवर आली आणि बल्ब भक्कन पेटला.

बाळ्या दोन पावले मागे उडाला. "अगं ताई!"

"बल्बच आहे रे. रविवारी बारूद होती." ती ताठ उभी राहिली. "या चंदेरी डबीला भोक आहे. आत दाब ओळखणारा कण आहे. त्याला हवेचा दाब कळतो, पण थेट ऊन लागलं की तो गडबडतो. घड्याळजींनी बटण दाबलं तेव्हा डबी त्यांच्याच सावलीत होती. ती झाली जमीन, शून्य मीटर. ते बाजूला झाले, ऊन आलं, यंत्राला वाटलं आपण झेपावलो. म्हणून ते गप्प झालं. ते कान लावायला वाकले, सावली परत आली, यंत्राला वाटलं आता उतरतोय. त्याने आपलं काम केलं."

"पण घरात चार वेळा..." मास्तर म्हणाले.

"ट्यूबलाइटखाली. आणि सहा उड्डाणं पुठ्ठ्याच्या नळीत. पुठ्ठ्यातून ऊन जात नाही."

"म्हणजे माझ्या नळीमुळेच," धाकटा पुटपुटला.

"नुसत्या नळीने झालं नसतं. बाळ्या, टेबलावर किती वस्तू?"

"एकोणीस."

"असायला हव्यात वीस. खणातल्या उंचीमापकाच्या डबीवर काळा ठिपका आहे. तो मळ नाही, स्पंजचा तुकडा आहे. हवा जाऊ देतो, ऊन अडवतो. या डबीवर त्याच्या चिकटाचा डाग उरलाय." ताई थांबली. पुढचे वाक्य बोलायला तिलाच भीती वाटत होती. "वहिनी, शनिवारी पुसताना चिमटीत धरून काय काढलंत?"

वहिनीचे ओठ पांढरे पडले. तिने आपल्या बोटांकडे पाहिले.

"पॅकिंगचा तुकडा," ती म्हणाली. "मला वाटलं, पॅकिंगचा राहिलाय. मी केराच्या डब्यात टाकला." मग ती दिराकडे वळली. "आणि मी तुमच्या दाराकडे बघत खुर्ची लावून झोपले, भाऊजी."

खिडकीजवळची खुर्ची ओढून धाकट्याने तिच्यामागे सरकवली, आणि ती बसली.

"दादाला कोण सांगणार?" त्याने विचारले.

"मीच. पट्टी काढायच्या आधी." ती उठून आत गेली. दार अर्धे उघडे राहिले. आतून तिचा आवाज आला, मग घड्याळजीचा. शेवटी घड्याळजीने हाक मारली, "अरे गचाळा, गाडी काढ. चारला दहा मिनिटं कमी आहेत."

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट केले. वहिनीने एका हाताने नवऱ्याचा हात धरला होता, दुसऱ्याने दिराची बाही.

डावा डोळा : सहा छेद सहा. उजवा डोळा : सहा छेद नऊ.