इल्काच्या लग्नाची वाइन

बायको, गिझेला, गेली त्या दिवसापासून वेंडेलच्या जिभेला चव नव्हती. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? तोल्च्वा गावात शेंबडं पोरही वाइन हुंगून कुठल्या उतारावरची ते सांगतं, आणि हा तर तीन पिढ्यांचा द्राक्षमळेवाला. सूप काय, मिरचीचा लालभडक रस्सा काय, त्याला सगळं कोमट पाणी. धड रडूही येत नव्हतं. आत काही हलतच नव्हतं.

आणि इल्काचं लग्न शनिवारवर आलं होतं. एकुलती एक लेक. लग्नाची ऑसू वाइन निवडायला व्याही आम्ब्रुश शेजारच्या माड गावाहून दुपारीच येऊन थडकला होता.

वेलीवर सुकून बुरशी धरलेले द्राक्षाचे मणी एकेक वेचून ही गोड ऑसू करतात. यंदा तीन पिंपं तयार होती. त्यांतलं एक लग्नाला, एक घरातल्या पुढच्या मयताच्या जेवणाला राखून ठेवायचं, आणि उरलेलं व्यापाऱ्याला, ही घरची रीत. आधीचं राखलेलं पिंप गिझेलाच्या जेवणाला संपलं होतं. आता राखायचं ते आपल्यासाठीच, असं वेंडेल धरून चालला होता. त्याचंही त्याला काही वाटत नव्हतं.

इतकी वर्षं निवड गिझेलाची. "गोडावर भाळू नका," ती म्हणायची. "गोड कुणीही वागतं. त्या गोडाखाली आंबट किती तग धरून आहे ते बघा." वाइनबद्दल ती अशी बोलायची की ऐकणाऱ्याला वाटावं, सोयरिकीची चौकशी चाललीय.

तिघं तळघरात उतरली. भिंतींवर काळी बुरशी लोकरीसारखी दाट. इल्काने मेणबत्ती धरली. आम्ब्रुशने पिशवीतून चरबी लावलेला पाव आणि कांदा काढून फळीवर ठेवला, काम झाल्यावर खायला. बोलता बोलता वेंडेलने कांद्याची फोड उचलली आणि कचाकचा खाल्ली.

आम्ब्रुश बघतच राहिला. "व्याहीबुवा, कांदा खाऊन ऑसू चाखताय? विहीणबाई असत्या तर ही वाइन काढायची नळी डोक्यात घातली असती."

"लक्षच नव्हतं," वेंडेल म्हणाला. त्याला कांदा झोंबलासुद्धा नव्हता.

इल्काच्या ते ध्यानात आलं असावं. ती हळूच म्हणाली, "बाबा, आईने निवडली असती तशीच निवडा हं. मला दुसरं काही नको."

झालं. आता पळवाट नव्हती. त्याने काचेची लांब नळी पहिल्या पिंपात बुडवली, पेला भरला, घोट घेतला. कोमट पाणी. 'बरी आहे' म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"तोंडदेखली गोड आहे," तोंड म्हणालं. "चार दिवस मिरवेल आणि मग बसेल. व्यापाऱ्याला देऊन टाका."

आवाज त्याचाच होता. आम्ब्रुशने चाखून पाहिलं, मान डोलावली. "खरंय. मला नसतं कळलं."

इल्का बापाकडे टक लावून बघत होती. "आई अगदी असंच बोलायची."

वेंडेलने दुसऱ्या पिंपातून पेला भरला. या खेपेला त्याने बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ओठ मिटून घोट गिळला. ओठ आपसूक उघडले.

"ही लग्नाला. मोकळ्या मनाची आहे. ही पिऊन कुणी भांडायचं नाही."

"वा," आम्ब्रुश हसला. "आमच्याकडे ज्यांची तोंडं एकमेकांकडे नसतात, त्यांना आधी पाजू."

तिसऱ्या पिंपापाशी वेंडेल थांबला. इथे चाखायची गरजच नव्हती. उरलेलं ते राखायचं, हिशेब सरळ होता. तरी हात पुढे गेला, नळी बुडली, पेला ओठांना लागला.

"ही इल्काची," तोंड शांतपणे म्हणालं. "विकू नका. पुढच्या सुगीआधी लागेल."

आम्ब्रुशने मांडीवर थाप मारली. "म्हणजे बारसं! पोरी, ऐकलंस ना? तुझ्या बापाने आत्ताच तारीख धरली."

इल्का लाजली. "काहीतरीच तुमचं, मामंजी," म्हणत बापाच्या दंडाला बिलगली.

या घरात राखलेलं पिंप बारशाला कधी फुटलं नव्हतं. वेंडेलला ते सांगायचं होतं. जबडा हलेना.

"तुम्ही व्हा पुढे," शेवटी कसंबसं निघालं. "पेले विसळून येतो."

इल्काने मेणबत्ती फळीवर ठेवली आणि दोघांची पावलं पायऱ्यांवरून वर गेली. वेंडेलने तिसऱ्या पिंपाची तोटी पूर्ण उघडली.

वाइन फरशीवरून गटाराकडे वाहू लागली. एकेक मणी वेचून केलेली. तो बघत उभा राहिला. भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती.

धार बारीक झाली. मग थेंब. मग थेंबही थांबले.

तो पिंपाजवळ गेला. वरून इल्काची हाक आली, "बाबा, या ना, सूप निवतंय."

"आलो."

रिकामं पिंप घुमतं. त्याने बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं.

बद्द आवाज आला, काठोकाठ भरलेल्या पिंपाचा.