डबल

कानामागे चिकटवायची ती पट्टी नखाएवढी होती. विद्यापीठाने तिला लांबलचक नाव दिलं होतं, पण मेलबर्नमधली मराठी पोरं तिला 'रुळपट्टी' म्हणत. बाहेरदेशाहून आलेलं पोर घरच्या आठवणीने झुरतं, अभ्यास बुडवतं, कधी गाशा गुंडाळून परत जातं. पट्टी लावली की आठ दिवसांत रुळतं. सक्ती काही नव्हती. पण उदगीरच्या वैभवी बिरादारचा मावसभाऊ असाच तीन महिन्यांत परत आला होता आणि नातेवाइकांनी टोमणे मारून मारून त्याचा जीव नकोसा केला होता. वैभवीने पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवलं.

डॉक्टर लिन नावाच्या शांत बाईंनी तिला खुर्चीत बसवलं. "घरचे आवाज आणलेत ना? एकेक लावू. मेंदूत जिथे कळ उठेल, ती लहर पट्टी टिपून ठेवील. पुढे तशी लहर उठली, की उलटी लहर सोडून ती जागीच जिरवील. आठवण राहील, कळ जाईल."

कुकरची शिट्टी वाजली. पडद्यावरची रेघ जराशी हलली. आईचं 'ऊठ गं, किती लोळतीस' लागलं, तेव्हा रेघ चांगलीच उंच गेली. मग एक पुरुषी आवाज आला, "टणटण!" आणि रेघ पडद्याच्या बाहेरच पळाली.

"अहो, हे काय?" लिनबाई दचकल्या.

वैभवीला हसू आणि रडू एकदमच आलं. ते तिचे वडील, अण्णा. जन्मभर एसटीत कंडक्टर. कंडक्टरने घंटीची दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. त्या दोन टोल्यांना म्हणायचं डबल. अण्णांनी घरातही तोच कायदा चालवला. शाळेला जा नाहीतर सासरी जा, अण्णा दारात उभे राहून तोंडाने टणटण करणार, मगच पाऊल उचलायचं. फोन ठेवतानाही तेच. विमानतळावर तर त्यांनी एवढ्या मोठ्याने डबल दिली की शिपाई वळून बघायला लागला, आणि ही बया लाजेने अर्धी झाली.

"हा आवाज तुम्हाला सगळ्यात जास्त छळणार," लिनबाई म्हणाल्या. "पक्का टिपून घेऊ?"

"घ्या," वैभवी म्हणाली.

आणि काय सांगावं, रुळली की हो पोरगी! ट्रामचे नंबर पाठ झाले. चौघींच्या घरात फ्रिजचा कुठला कप्पा आपला, ते कळलं. लोणच्याची बरणी संपली आणि नवी आणायची तिला आठवणही झाली नाही. दर रविवारी दुपारी ती घरी फोन करायची, अभ्यासाचं सांगायची, ठेवायची. शेजारच्या खोलीतल्या केनियाच्या मुलीने पट्टी लावलीच नव्हती. ती संध्याकाळी न्हाणीघरात नळ सोडून रडायची. वैभवीला तिची कीव यायची.

पाचव्या महिन्यात परीक्षा संपली. शेवटचा पेपर देऊन ती बाहेर आली, तोच थोरल्या भावाचा, बालाजीदादाचा फोन.

"वैभे, पेपर संपले का?"

"आत्ताच. का रे दादा?"

"अण्णा गेले गं. तेवीस दिवस झाले. चहा घेऊन बसले होते, बसल्या जागी मान टाकली. तुझे पेपर तोंडावर होते. आईच म्हणली, लेकराला सांगू नका."

घरातलं माणूस गेलं तरी परीक्षेला बसलेल्या लेकराला कळू द्यायचं नाही, ही आपल्याकडची माया. वैभवीला ती समजली. सगळंच समजलं. आणि तिच्या तोंडून शब्द आला, "बरं."

"बरं?" दादाचा आवाज चिरकला. "अगं, तीन रविवार आई खोटं बोलायची तयारी करून बसायली. अण्णा शेताकडं गेलेत म्हणायचं, घसा बसलाय म्हणायचं. तू एकदासुद्धा विचारलं नाहीस! डबल मिळाली नाही तरी फोन ठेवलास."

वैभवी तशीच लिनबाईंकडे गेली. म्हणाली, "काढा ही."

पट्टी निघाली. कानामागे जरा खाजलं, बस्स.

"आता येईल ना मला रडू?"

लिनबाईंनी पट्टी डबीत ठेवली. "पट्टी दुःख साठवत नाही. जिरलेलं जिरलं. पाच महिने त्या वाटेने काही गेलेलंच नाही. ती वाट परत पडेल की नाही, मला सांगता येत नाही."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आम्ही ती घरच्या आठवणीसाठी केली होती. कुणी गेल्याच्या दुःखासाठी नाही. मेंदूला त्यातला फरक कळत नाही, हे आम्हालाही आत्ता कळतंय." त्यांनी मान खाली घातली.

वैभवीने अण्णांचा आवाज चाळीस वेळा लावला. टणटण. तो नुसता आवाज होता. आई फोनवर म्हणाली, "रड गं माय, मोकळी होशील." वैभवीने खोटंच रडून दाखवलं. आईला कळलंच.

घरी जायचं तिकीट निघालं. बॅग घेऊन ती स्टेशनला जाणाऱ्या ट्राममध्ये बसली. ट्राम आपली आपण चालणारी, चालवायला माणूस नाहीच. पुढच्या थांब्याआधी एका म्हाताऱ्याने बटण दाबलं. टण. एकच. गाडी थांबली, दारं उघडली, म्हातारा सावकाश उतरला.

वैभवी वाट बघत राहिली. कशाची, ते तिलाही ठाऊक नव्हतं. दारं लागली आणि गाडी गुपचूप निघाली.

"अहो, डबल कुणी दिली?" ती मोठ्याने, मराठीत बोलून गेली. माणसं वळून बघायला लागली.

तिच्या घशात काहीतरी अडकलं. एवढंसंच. तिने श्वास रोखला, पाणी प्यायली नाही, गिळलंसुद्धा नाही. आता हे तरी राहील का?