उघडं राहतं त्याचं नाव

साकोलीच्या बसस्टँडवर वैशाखाची झळ अशी सुटली की माझ्या पिवळ्या दुपट्ट्याचं टोक उडालं आणि शेजारी उभ्या मुलाच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकलं. मी ओढलं, तशी तोंडावरची गाठच सुटली. घाईघाईनं मी दुपट्टा पुन्हा नाकावर चढवला. तो मान खाली घालून चेन सोडवत होता. नशीब, मी मनात म्हटलं.

"ओढू नका, फाटन," तो म्हणाला. मग हळूच, "नकाब नवा दिसते तुमचा."

"नकाब? मी का डाकू आहो का?"

तो हसला... आणि भर उन्हात मला गार वाटलं. खरंच.

त्याचं नाव चंद्रकुमार. शाळेत मराठी शिकवायचा, आणि कुठला शब्द कुठून आला हे शोधायचं त्याला वेड. मी आणि माझी मैत्रीण राखी शिलाईच्या दुकानातून सुटलो की बस येईपर्यंत तो भेटायचा. मी मुद्दाम छेडायची, आज कोणता शब्द? घुंघट म्हणजे संस्कृतातलं अवगुंठन, बोलून बोलून झिजलेलं, असं तो सांगायचा. बुरखा आणि नकाब दोन्ही मूळचे अरबी.

"नकब म्हंजे भोक पाडनं," तो एकदा म्हणाला. "डोळ्यांपुरतं भोक ठेवतेत, त्याच्यावरून नकाब, असं म्हनतेत. झाकलं त्याचं नाव नाही... उघडं राह्यते त्याचं नाव."

असं म्हणून तो माझ्या डोळ्यांत बघत राहिला. माझी बस निघून गेली.

पण दुपट्ट्याखाली माझ्या हनुवटीवर कोडाचा पांढरा डाग आहे. मला बघायला आलेले पाहुणे पोहे खाऊन गेले आणि निरोप आला, मुलगी गुणी आहे, पण... उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्याच पोरी तोंड बांधतात. म्हणून मी उन्हाळ्याची वाट बघते.

एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "रविवारी आईले घेऊन येऊ का, तुमच्या घरी?"

"उद्या सांगते," म्हणून मी बसमध्ये चढले. दुसऱ्या दिवशी मी राखीशी दुपट्टा बदलला. राखीचा चेहरा नितळ. तो नुसतं कापड ओळखत असेल तर तिलाच बघू दे, माझा डाग कशाला? राखीनं मला वेड्यात काढलं, पण माझा पिवळा दुपट्टा बांधला.

तो आला. पिवळ्या दुपट्ट्यापुढून सरळ चालत माझ्यासमोर उभा राहिला.

"राखीचा काहून बांधला?"

मला रडू आलं. किती आवडत होता हा माणूस मला! मी पिना काढल्या, गाठ सोडली. "पाहा," मी म्हटलं, "आन् आईले हे सांगूनच आना."

"पाह्यलं आहे मी. पहिल्याच दिवशी. चेन सोडवत होतो, डोळे मिटले नव्हते."

"मंग इतके दिवस बोलले काहून नाही?"

"तुमी लगेच बांधून घेतला ना... मले वाटलं, तुमच्या हातानं सोडाल, तवा पाहीन."

राखी पाठमोरी उभी राहून माझ्याच दुपट्ट्याला नाक पुसत होती.

बस लागली. मी खिडकीशी बसले. मावळतीचं ऊन थेट हनुवटीवर आलं, तरी दुपट्टा मांडीवरच राहू दिला. तो खाली उभाच होता.

"रविवारी या," मी म्हटलं. "पोहे नाही करत मी. जेवूनच जाजा."