निवडक बारा

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती आईला दवाखान्यात घेऊन आली. एकोणीस वर्षं ती इथे लोकांचे कान तपासत होती. खोलीच्या आत आणखी एक खोली. जाड दार, दुहेरी काच, आत एकच खुर्ची. आतल्या माणसाने हेडफोन लावायचा, ऐकू आलं की बटण दाबायचं, आणि बाहेर तिच्या टेबलावर पिवळा दिवा लागायचा.

आज तपासणी नव्हती. धाकट्या भावाच्या पंक रॉक बँडचा निवडक बारा गाण्यांचा अल्बम आला होता आणि तो घ्यावा का, हे आईला ठरवायचं होतं. भावाला घरात सगळे भोंगाच म्हणत. "घसा आहे का करवत?" म्हणून आई करवादायची, आणि तो कार्यक्रमाला निघाला की गुळण्यांसाठी मिठाचं पाणी बाटलीत भरून द्यायची. तो वारला तेव्हा संतापाच्या भरात आईनेच त्याच्या सगळ्या सीडी फोडल्या. आता चार वर्षांनी म्हणायची, "त्याचा आवाजच आठवत नाही गं मला."

बँडचा ड्रमर आता संगीताचं दुकान चालवायचा. त्याने आडपडदा ठेवला नाही. "ताई, हा घेऊ नकोस. जुन्या टेप कंपनीकडे अडकल्यात. बाराच्या बारा गाणी नव्या गायकाकडून गाऊन घेतलीत. भोंग्याचा एक श्वाससुद्धा नाही यात. काकूंची समजूत पटेना तर ऐकव आणि परत आण."

तिने स्वतः दोनदा ऐकला. नव्या गायकाचा आवाज धुतल्यासारखा स्वच्छ होता. आईला तसं सांगितलंही.

"माझे कान मी बघते," आई म्हणाली. कान तरी कुठले! उजवा लहानपणीच्या तापात पार गेलेला, डावा जेमतेम.

"भोंगा ऐकू आला तरच बटण दाब," असं बजावून तिने दार लावलं.

पहिलं गाणं संपलं. दिवा लागला नाही. तिला हायसं वाटलं, आणि वाईटही.

दुसरं सुरू होण्याआधी दोन-तीन सेकंदांची शांतता होती. दिवा लागला.

दुसऱ्या गाण्यानंतरही तेच. तिसऱ्यानंतरही. गाणं चालू असताना आई पुतळ्यासारखी बसायची. गाणं थांबलं की बटण दाबलं जायचं. तिने स्वतःचा हेडफोन चढवला. काही नव्हतं. यंत्रावरचा आवाजाचा काटा शून्यावर होता. काही रुग्णांना ताल सापडतो, मग ते अंदाजाने दाबतात, हे तिला माहीत होतं. म्हणून पाचवं गाणं तिने मधेच तोडलं.

दिवा लागला. आणि लागलेलाच राहिला.

तिने आईच्या हेडफोनची वायर यंत्रातून उपटली.

दिवा विझला नाही.

आत आईने डाव्या कानावरचा हेडफोन बाजूला सारला आणि उजव्या, मेलेल्या कानावरचा तळहाताने घट्ट दाबून धरला. तिचे ओठ हलत होते.

बाहेरून तिने आतला माइक चालू केला.

"हो रे. बाहेरच बसलीये ती. जेवलीसुद्धा नाही अजून."

"आई?"

आईने काचेतून पाहिलं. चेहरा उजळला होता. "घे गं हा अल्बम."

"आई, त्यात तो नाहीये."

"थांब जरा, बोलतोय." आईने बोट वर केलं. ऐकता ऐकता तिचं हसू हळूहळू उतरलं, पण ती घाबरली नाही. "दोन घे म्हणतोय. एक तुझ्याजवळ राहू दे."

"आणि दुसरा?"

"त्याच्याकडे येताना मी आणायचा म्हणतोय."

तिचा हात दाराच्या कडीकडे गेला.

"कधी रे?" आतून आईने हळूच विचारलं. मग मान डोलावली, काचेतून भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा पाहिलं, आणि चष्मा काढून नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला.